चार वेढे

"आधी मोकळं करायचं, मग उघडायचं," बबितानं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कुठं परमेश्वरनं हातातला पेचकस खाली ठेवला. सकाळपासून त्यानं मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले होते आणि दोन व्हिडिओंत माणूस जेवढा शहाणा होतो तेवढा तो झाला होता.

"अगं पर दोनच तर इस्क्रू हाईत," तो म्हणाला. "वरची पट्टी, पूल म्हनत्यात ती, काढायची, आतलं चाक पुसायचं, पुन्हा बसवायचं. त्या मानसानं धा मिनिटांत केलं."

"त्या मानसाच्या घड्याळात चावी नव्हती भाऊ. ह्याच्यात अकरा वर्षांची भरून हाय. पूल काढलास की समदी चाकं एका दमात पळतील. दात जातील त्यांचे. अन् मधी बोट असलं तर बोटबी."

परमेश्वरनं आपल्या बोटाकडं पाहिलं आणि हात मागं घेतला.

पालीत आप्पारावांच्या ओसरीवर सकाळी नऊलाच एवढी माणसं जमली होती, जशी काही घड्याळाचीच सुपारी फुटणार होती. समोर अंगणात मांडवाचे खांब पुरायचं काम अर्धवट टाकून गडीसुद्धा टेकून उभे होते. रविवारी आप्पारावांच्या लेकाच्या, परमेश्वरच्या पोरीचं, संस्कृतीचं लग्न. आणि तिनं आजोबांना सरळ सांगून टाकलं होतं, "आबांचं घड्याळ चालू झालं तरच मी बोहल्यावर उभी राहीन. अन् ते बबीआत्यानंच करायचं." दोनदा सरपंच झालेल्या आप्पारावांना गावात कुणी दम देऊ शकत नसे, ही एकवीस वर्षांची नात सोडून.

घड्याळ पाटावर पांढऱ्या फडक्यात ठेवलेलं होतं. चांदीचं, जाडजूड, खिशात ठेवायचं, चावीनं भरायचं. निजामाच्या काळात एका तहसीलदाराचा डेरा बिंदुसरा नदीच्या काठी पडला होता, तो तापानं फणफणला आणि पणजोबा म्हाळूंनी त्याला आठ दिवस मेंढीच्या दुधावर जगवलं, म्हणून त्यानं जाताना हे दिलं. तेव्हापासून या घराण्यातली लग्नं ह्याच घड्याळावर लागत. पूर्वी भटजी पाण्यात भोकाची वाटी सोडून वेळ मोजायचे. म्हाळूंनी एका लग्नात वाटीशेजारी घड्याळ ठेवलं, दोघांची वेळ एकच आली, आणि त्या दिवसापासून वाटी देवळात जाऊन बसली.

आता अकरा वर्षं ते बंद होतं, आणि ते कुणी मोडलं हे या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माऊलीनं. म्हणजे आप्पारावांच्या धाकट्या भावानं. म्हणजे बबिताच्या बापानं.

तो दिवस बबितानं इतक्यांदा ऐकला होता की तो तिला स्वतः पाहिल्यासारखा वाटे. पौष महिना. दोघा भावांच्या वडिलांना, धुळाजीआबांना दोन महिने बीडच्या दवाखान्यात ठेवून घरी आणलं होतं, कारण डॉक्टरांनीच घरी न्या म्हटलं होतं. दुपारी आबांनी घड्याळ मागितलं. ते आजारी पडल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. माऊली जवळ बसला होता, त्यानं चावी दिली. घड्याळ हललं नाही. दारातून आप्पाराव म्हणाले, "पिळलंस तू ते. धा येढे दिलेस, म्या मोजले." माऊली म्हणाला, "चारच दिले. फुडं जातच न्हाई ते." आबांनी दोघांचं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. दिवेलागणीच्या आत ते गेले. घड्याळ मोडल्याच्या धसक्यानंच आबा गेले, असं आप्पाराव चारचौघांत बोलले. आणि मग पाठोपाठच्या वैशाखात बबिताचं लग्न झालं, त्याला थोरला चुलता आला नाही. अक्षता पडल्या त्या भटजीच्या मोबाइलवर वेळ बघून. पोरगी दिली होती नेकनूरच्या घड्याळवाल्याला. घड्याळ मोडणाऱ्याची लेक घड्याळवाल्याच्या घरी, असं लोक म्हणायचे आणि हसायचे. देवालाही कधीकधी चेष्टा सुचते.

तो घड्याळवाला, तानाजी, सोन्यासारखा माणूस निघाला. तीन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला आणि उजवा हात गेला. तेव्हापासून नेकनूरच्या स्टँडासमोर दुकानात बबिता बसते आणि तानाजी शेजारी बसून सांगतो. काल रात्री जेवताना त्यानं एवढंच सांगितलं होतं, "कमान मोकळी केल्याशिवाय पुलाला हात लावू नको. कुणीबी घाई करू दे."

कमान म्हणजे आतली मोठी स्प्रिंग. चावी दिली की ती आवळते आणि तिच्या ओढीवर चाकं फिरतात. तानाजीच्या डाव्या अंगठ्यावर अजून तिनं फाडलेली खूण होती.

"बबे," परमेश्वर खालच्या आवाजात म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, काळजीच होती. "मी आपला तुज्यासाठी बोलतोय. बीडला नेऊ म्हनलं तर मोडलं तरी दुकानदाराच्या डोक्यावर जाईल. तुज्या हातानं काय झालं तर लोक म्हनतील, बापानं मोडलं अन् लेकीनं संपवलं."

हे बबिताला रात्रीच सुचलं होतं. तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं म्हणा ना. तिचा बाप ओसरीवर नव्हता. चतुराबाई आत्या, दोघा भावांची थोरली बहीण, काल स्वतः त्याच्या वस्तीवर जाऊन त्याला घेऊन आली होती. तो आला, पण घराची पायरी चढला नाही. तिकडं मेंढरांच्या वाड्यापाशी चिंचेखाली बसून एका लंगड्या मेंढीचा खूर बघत होता. एवढा वेळ एक खूर बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"करू द्या तिला," आप्पाराव खुर्चीतून म्हणाले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात काठी. मग थोडं थांबून म्हणाले, "पर सांबाळून बबे. एकदा मोडलंय ते."

"व्हय बापू," ती म्हणाली. थोरल्या चुलत्याला ती लहानपणापासून बापूच म्हणे. मधल्या अकरा वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता. आज तो आपोआप आला, ह्याचा तिला थोडा रागच आला.

तिनं मागचं झाकण उघडलं. पितळी पूल, दातेरी चाकं, आणि वर चावी बसायचा चौकोनी खुंटा. खुंट्याच्या बुडाशी एक दातेरी चाकोली आणि तिच्या दातात अडकलेला पोलादी खटका, नखाच्या अर्ध्याएवढा. अकरा वर्षं सगळा भार ह्या एवढ्याशा तुकड्यानं पेलला होता.

तिनं पिशवीतून बाभळीची गोल मूठ काढली. तानाजीनं तासलेली, हातात फिरून फिरून गुळगुळीत झालेली, वेढा मोजायला कडेवर खडूचा ठिपका लावलेली. घड्याळाच्या चावीला दोन कान असतात, त्यांच्यामुळं चावी बोटांतून हळू सोडता येत नाही, एकतर धरून ठेवता येते नाहीतर निसटते. मुठीला कान नसतात. तिनं मूठ चावीला बसवली, चावी खुंट्यावर बसवली, आणि डोळ्याला भिंग लावलं.

"सोडताना काय करनार?" चतुराबाईनं विचारलं. ती अगदी पाटाला गुडघे लावून बसली होती.

"आत्या, मूठ जराशी भरायच्या बाजूला दाबायची. म्हंजी भार मपल्या बोटावर येतो अन् खटका सैल होतो. मग खटका मागं धरायचा अन् मूठ हळूहळू सरकू द्यायची. दमलं की खटका पुन्हा दातात सोडायचा. खटका बसंपर्यंत मूठ सोडायची न्हाई, काय बी झालं तरी."

"आन् शिंक आली तर?"

"मग शिंकायचं न्हाई."

गडी हसले. बबिता हसली नाही. तिनं मूठ दाबली आणि तिच्या बोटांत ती ओढ आली. तानाजीच्या दुकानात तिनं चाळीसेक घड्याळं मोकळी केली असतील, पण ही ओढ वेगळी होती. जुनी, जाड कमान, गच्च भरलेली, बाहेर पडायला टपलेली. चिमट्याच्या टोकानं तिनं खटका मागं रेटला. मूठ बोटांत सरकू लागली. तिनं ती पाव वेढा सरकू दिली, खटका सोडला. टक्क.

बबिताच्या कपाळावरून घामाचा थेंब भिंगाच्या कडेला येऊन थांबला. संस्कृतीनं न सांगता पदराच्या टोकानं तो टिपला आणि लगेच मागं सरली.

पुन्हा. दाबायचं, खटका मागं, सरकू द्यायचं, टक्क. चौथ्यांदा टक्क झालं तसा मुठीवरचा खडूचा ठिपका पहिल्या जागी आला.

"लाभ," चतुराबाई म्हणाली. रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत तसं. तिनं आयुष्यभर मापं मोजली होती, तिला दुसऱ्या तऱ्हेनं मोजता येत नव्हतं.

दुसऱ्या वेढ्याला बोटं थोडी सैल झाली. "दोन," चतुराबाई म्हणाली. तिसऱ्याच्या मध्यावर चिमटा घामानं निसरला. खटका दातावर पडला पण बसला नाही, घासला, आणि मूठ बबिताच्या बोटांत गर्रकन अर्धा वेढा फिरली. तिनं बोटं मिटली. कातडी भाजल्यासारखी झाली, पण मूठ थांबली. ती तशीच धरून ती पाच-सहा श्वास बसून राहिली. मग डाव्या हातानं खटका दातात बसवला, आणि बसल्याची खात्री करून मगच बोटं उघडली. अंगठ्याच्या पेरावर लाल रेघ उठली होती.

"थांबव आता," आप्पाराव खुर्चीच्या कडेला आले होते. "राहू दे बबे. घड्याळ गेलं खड्ड्यात, हात बघ तुजा."

तिनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. आपल्या हाताची काळजी ह्या माणसाला असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं घामेजलेला चिमटा पदराला पुसून घेतला.

"झालंय बापू," ती म्हणाली. "आता थोडंच हाय."

"तीन," चतुराबाई म्हणाली. आणि मग, बऱ्याच वेळानं, "चार."

चारावर मूठ आपोआप थांबली. खटका मागं धरला तरी ती फिरेना.

"पुढं?" परमेश्वरनं विचारलं.

"पुढं न्हाई. चारच येढे भरतात ह्यात."

सगळ्यांच्या माना आप्पारावांकडं वळल्या. आप्पारावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "धा येढे दिलते त्यानं," ते म्हणाले. "मपल्या डोळ्यानं मोजले म्या. आठ तरी व्हतेच."

"बापू, चावी देताना मनगट अर्धंच फिरतं. चावी काढायची न्हाई, मागं घ्यायची, पुन्हा फिरवायची. तुमी मनगट मोजलं असंल. आठ मनगटं म्हंजी चार येढे."

"म्हंजी आप्प्याबी खरा, अन् माऊल्याबी खरा," चतुराबाई म्हणाली. "अन् अकरा वर्सं दोघं येडे."

"चारच दिले असतील," परमेश्वर सरळ स्वभावानं म्हणाला. "पर चावी दिल्यावरच बंद पडलं ना ते? मग चारात मोडलं म्हनायचं."

तिनं पेचकस उचलला.

आता घाई नव्हती. तिनं पूल काढले, चाकं एकेक करून बशीत ठेवली. शेवटी कमानीचा पितळी डबा काढला. त्याच्या बुडाशी तिला जे दिसलं, ते पाहून तिनं भिंग पुसून पुन्हा लावलं. डब्यावर फुलासारखं एक छोटं चाक होतं, पाच पाकळ्यांचं, आणि खुंट्यावर एक बोट. खुंटा एक वेढा फिरला की बोट एक पाकळी पुढं ढकलतं. चार पाकळ्यांना खाच होती, पाचवीला नव्हती. पाचव्या वेढ्याला बोट तिथं जाऊन थडकणार आणि चावी पुढं जाणारच नाही. तानाजीनं तिला असं घड्याळ एकदाच दाखवलं होतं. जास्त पिळून हे घड्याळ मोडत नाही. कुणालाच मोडता येत नाही. करणाऱ्यानं तशी सोयच ठेवलेली नाही.

डब्याचं झाकण काढलं. कमान सबंध होती, कुठं तडा नाही.

मग घड्याळ बंद का पडलं, ते तिनं बशीतल्या चाकांकडं पाहिलं आणि तिला कळलं. प्रत्येक चाकाच्या आसाच्या टोकाला, ते टोक ज्यात फिरतं त्या प्रत्येक खड्याच्या भोवती तपकिरी पिवळं काहीतरी बसलं होतं. वरवर भंडारा वाटेल असं, कारण दरवर्षी पूजेत ह्या घड्याळावर भंडारा पडतच होता. पण भंडारा पुसून निघतो. हे सुईनं खरवडलं तरी निघेना. कढईच्या कडेला तेल जसं वाळून बसतं, तसं.

"कुणी तेल घातलं व्हतं का ह्यात?" तिनं कुणाकडं न बघता विचारलं.

दारात उभी असलेली गीताबाई, आप्पारावांची बायको, पदर सारखा करून आत गेली.

हात धुवायच्या निमित्तानं बबिता मागोमाग स्वयंपाकघरात गेली. गीताबाई परातीतलं पीठ मळत होती. मळून झालेलं पीठ.

"मोठी माय."

"खंडेनवमीला," गीताबाई पिठाकडं बघूनच म्हणाली. "आबा पडायच्या आदल्या म्हैन्यात. हत्यारं मांडली व्हती पूजेला. कातरी, कोयते, कुऱ्हाड. त्यातच घड्याळ. ह्यांनी कोंबडीचं पीस घेतलं, करडईच्या तेलात बुडवलं अन् वळीनं समद्यांना तेल घातलं. घड्याळालाबी. उघडून घातलं, आत पार." तिनं डोळ्याला मनगट लावलं. "मला आता कळलं बबे, तू इचारलंस तवा. देवाशपथ आधी न्हाई कळलं."

"करडईचं तेल वाळून घट्ट व्हतं, मोठी माय. दोन म्हैने घड्याळ पडून राहिलं, तेवढ्यात बसलं ते."

"मग तू हे भाईर बोलू नको." गीताबाईनं पिठाच्या हातानं तिचं मनगट धरलं. "मानूस मोडंल गं. त्यानी भावाला आबाच्या मौतीचा डाग लावलाय. आता समद्या पावन्यांत कळलं की तेल त्याचंच व्हतं, तर रविवारी मांडवात कसा उभा राहील?"

"अन् माझा दादा अकरा वर्षं कसा उभा राहिला असंल?" बबिता म्हणाली. बापाला ती दादा म्हणे.

गीताबाईनं मनगट सोडलं. बबिताच्या हातावर पिठाची चार बोटं उमटली होती, ती तिनं धुतली नाहीत. तशीच बाहेर आली.

दुपार कलेपर्यंत तिनं पेट्रोलमध्ये एकेक चाक धुतलं, ब्रशनं घासलं, उंबराच्या काडीचं टोक करून खड्यांची भोकं साफ केली. काडी मळली की ती चाकूनं नवं टोक काढायची. माणसं जेवून आली, पुन्हा बसली. हातानं काम चाललं होतं आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. एका वाक्यात बापाचं नाव मोकळं होणार होतं. साक्षीला पाहुणे होते, आत्या होती, मोबाइलवर व्हिडिओ काढत परमेश्वर होता. इतक्या वर्षांत ह्याच दिवसाची तिनं वाट पाहिली होती. आणि आता तिला सारखं आठवत होतं ते, खुर्चीच्या कडेला आलेले बापू आणि त्यांचं "हात बघ तुजा."

साडेतीनला घड्याळ पुन्हा जुळलं. घड्याळाचं खरं तेल तिनं सुईच्या टोकानं लावलं, दिसेल न दिसेल एवढं. मग मूठ काढून चावी तेवढी आप्पारावांपुढं धरली.

"बापू, चावी तुमी द्या."

"म्या?"

"तुमीच."

आप्पारावांनी काठी भिंतीला टेकवली, घड्याळ तळहातावर घेतलं. चावी फिरवायला लागले. पहिल्या वेढ्यालाच आत टिकटिक सुरू झाली. गडी जवळ आले, संस्कृतीनं तोंडावर हात धरला, परमेश्वरचा मोबाइल खाली आला. चतुराबाई मोजत होती. चारावर चावी थांबली.

"झालं," आप्पाराव म्हणाले आणि चावी काढू लागले.

"काढू नका. अजून पिळा."

"अगं मोडंल की."

"पिळा बापू. जोर लावा."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान हलवली. त्यांनी जोर लावला. चावी हलली नाही. आणखी लावला, बोटांची पेरं पांढरी झाली. चावी हलली नाही, आणि घड्याळ टिकटिकत राहिलं.

"फुडं जातच न्हाई," आप्पाराव म्हणाले. आणि बोलून झाल्यावर त्यांना कळलं की हे वाक्य आपण पूर्वी ऐकलेलं आहे. ते तसेच चावी धरून उभे राहिले.

"मग त्या दिशी बंद कावून पडलं व्हतं?" त्यांनी हळूच विचारलं.

बबिताचं तोंड उघडलं. दारात गीताबाई उभी होती. बबिताचं तोंड मिटलं. तिनं फक्त बशीतला कापूस उचलून त्यांच्यापुढं केला. धुतलेल्या चाकांचा मळ त्यावर चकत्या-चकत्यांनी निघाला होता, पिवळा, चिवट. आप्पारावांनी चकती दोन बोटांत धरून चुरगळली. नाकाशी नेली. पेट्रोलच्या वासात दुसरा काही वास लागण्यासारखा नव्हता, पण ती चकती त्यांनी ओळखली. आबांच्या मेंढरं कातरायच्या जुन्या कातरीच्या खिळ्याला असंच धरायचं. लहानपणी ते खरवडायचं काम दोघा भावांकडं असायचं.

"करडईचं हाय हे," आप्पाराव म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "म्या घातलतं. पिसानं."

आप्पारावांनी घड्याळ आणि चावी मुठीत धरली, काठी तिथंच भिंतीला राहू दिली आणि पायऱ्या उतरून वाड्याकडं चालू लागले. बबिता पाच पावलं मागं ठेवून गेली. तिला जायला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला कुणी अडवलंही नसतं.

चिंचेखाली माऊली मेंढीचा तोच खूर हातात धरून बसला होता. भाऊ समोर येऊन उभा राहिला तरी त्यानं वर पाहिलं नाही.

"माऊली, घड्याळ तू न्हाई मोडलंस," आप्पाराव म्हणाले. "म्या मोडलं. खंडेनवमीला तेल घातलतं त्यानं बसलं ते."

"म्हाईत हाय," माऊली म्हणाला.

"काय म्हाईत हाय?"

"तेलाचं. त्याच दिशी कळलं, चावी देताना. आत पिवळं दिसलं. करडईचं तेल लावून कातर दोन म्हैने ठिवली तर उघडत न्हाई आप्पा, म्हनून तर म्या राकेल लावतो. तू मेंढरामागनं लवकर सुटलास, तुला कुठलं याद राहायला."

"मग बोलला कावून न्हाईस बे?"

माऊलीनं खूर सोडला. मेंढी लंगडत दोन पावलं गेली आणि उभी राहिली.

"आबा आयकत व्हते," तो म्हणाला. "तू पीस फिरवलंस तवा आबा काय म्हनलते, याद हाय का? म्हनले, आप्पा सरपंच झाला तरी हत्यारं इसरला न्हाई. लई खूश झालते. बीडला दवाखान्यात शेजारच्या खाटावरल्या मानसालाबी तेच सांगायचे, मपल्या थोरल्यानं घड्याळाला तेल घातलंय म्हनून. आन् त्या मानसाला म्या शेवटच्या टायमाला सांगू, की तुज्या थोरल्याच्या तेलानंच घड्याळ बसलं? मपल्या तोंडून न्हाई निघालं."

"नंतर सांगायचं."

"सांगनार व्हतो. तेराव्याला तू बोलला न्हाईस. म्हनलं बबीच्या लग्नाला आलास की सांगू. तू आला न्हाईस. मग मपलंबी डोकं फिरलं. म्हनलं, आता मरंना का."

बबिताला वाटलं, बापाच्या पाया पडावं. आणि लगेच वाटलं, त्याच्याशी कडकडून भांडावं.

"अन् मी दादा?" ती म्हणाली. "अकरा वर्षं मी तुमच्यापायी लोकांशी भांडत आले. मला तरी सांगायचं व्हतं."

"तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिशी साऱ्या पालीत केलं असतंस."

ते खरं होतं.

आप्पाराव खाली बसले. पांढऱ्या धोतराला लेंड्या लागल्या, त्यांनी पाहिलं नाही. दोघं भाऊ शेजारी शेजारी, पण एकमेकांकडं न बघता बसून राहिले. मधे घड्याळ टिकटिकत होतं. आप्पारावांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायची लाज त्यांना वाटत नव्हती. कमान मोकळी करताना बोटांना जे कळलं होतं, ते बबिताला आता डोळ्यांनी दिसत होतं. अशा वेळी कुणी घाई करायची नसते. तिनं केली नाही.

माऊलीनं घड्याळाकडं बघून विचारलं, "चावी रोज लागती ना गं ह्याला?"

"रोज. सकाळी, ठरल्या टायमाला."

"आजची झाली?"

"झाली. बापूंनी दिली."

"किती येढे?"

"चार," आप्पाराव म्हणाले.

माऊलीनं हात पुढं केला. आप्पारावांनी चावी त्या हातावर ठेवली. माऊलीनं ती बंडीच्या आतल्या खिशात टाकली, बटण लावलं, वरून एकदा चाचपून पाहिली आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"मग उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "वहिनीला म्हनावं, च्या लवकर टाका."